घरतबाई आणि पाहुणे

गणपती झाले की घरतबाई दुसरीच्या वर्गाला मैदानात नेऊन उभं करायच्या. शेपटी हलवत फिरणारा धोबी पक्षी ज्याला आधी दिसेल, त्याने त्या दिवशी शाळा सुटल्याची घंटा वाजवायची. हा पक्षी थंडीत दूर उत्तरेकडून पनवेलला येतो, उन्हाळा आला की परत जातो, हे मुलं अशी शिकायची.

मी तेव्हा नुकताच त्या शाळेत शिक्षक म्हणून लागलो होतो. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी, अभिमान तेव्हाही होता, आजही आहे. बाई म्हणायच्या, "या बी.ए.! बसा आमच्या वर्गात, वशिला लावते."

एकदा बाईंनी विचारलं, "धोबी इथून कुठे जातो?"

"वीटभट्टीवर!" कातकरीवाडीतली सुमन ओरडली. वर्ग हसला.

बाई हसल्या नाहीत. "तोही पोटासाठीच जातो. हसायचं काय त्यात?"

दिवाळीनंतर सुमनचे आईबाप घाटावर भट्टीला जायचे, ते पावसाच्या तोंडावर परतायचे. मागच्या वर्षी तीही गेली आणि पुन्हा दुसरीतच बसली. यंदा गेली तर शाळा कायमची सुटणार होती. बाई मला घेऊन वाडीवर गेल्या.

"पोरगी माझ्याकडे ठेवा."

"ठेवा की," आई म्हणाली. "पन हिच्या धाकल्याला कोन बघंल? तुमी?"

बाई मूळच्या खाडीकाठच्या. अशा वेळी गावची बोली तोंडात यायची. "मंग! त्यालापन ठेवा."

बाई एकट्याच राहत. दोन वर्षांचा नाम्या त्यांच्याबरोबर शाळेत येऊ लागला. टेबलाखाली बसून खडू खायचा. हेडमास्तर वैतागले, "बाई, ही बालवाडी नाही."

"पाहुणा आहे, सर. उन्हाळ्यात जाईल."

सुमन पास झाली. आईबाप आले तेव्हा नाम्या बाईंच्या पाठीमागे लपला. आईने हात पुढे केले, तसा मोठ्याने रडला. बाईंनी पदरातली त्याची मूठ सोडवली आणि त्याला आईच्या कडेवर दिलं.

पुढच्या दिवाळीनंतर आई सुमनला घेऊन शाळेच्या दारात आली. नाम्या कडेवरच होता.

"पोरीला ठेवा, बाई. याला नाय. मागल्या साली यानं मला वलखलंच नाय."

बाईंनी नाम्याकडे पाहिलं. त्याने आता त्यांनाही ओळखलं नव्हतं.

"बरोबर हाय तुजं," बाई म्हणाल्या, आणि सुमनचं गाठोडं उचलून तिसरीच्या वर्गाकडे निघाल्या.