आत्या कुठं उतरली?

सिनेमातल्या माणसांची काळजी त्याच्या दिग्दर्शकापेक्षा जास्त करणारा माणूस तुम्ही कधी पाहिला आहे का? मी पाहिला आहे. माझ्या मित्राचे मामा. श्रीरामपुरात राहतात, उभी हयात एसटीत कंडक्टर होते, आणि निवृत्त झाले तरी त्यांच्यातला कंडक्टर काही खाली उतरलेला नाही. थेटरात ते सगळ्यांच्या शेवटी शिरतात, कारण शेवटचा प्रवासी चढल्याशिवाय आपण चढायचं नसतं. शेजारच्या खुर्चीवर रेक्झिनची पिशवी ठेवतात आणि कोणी विचारलं तर सांगतात, "मानूस यायचाय." भाचा पुण्याला गेल्यापासून तो माणूस म्हणजे मी. सिनेमात नट कोण, दिग्दर्शक कोण, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. "मानसं किती हायेत?" एवढंच विचारतात. दोघांच्या प्रेमकथेला ते रिकामी गाडी म्हणतात.

त्यामुळे एका नावाजलेल्या दिग्दर्शकाचा भरल्या घराचा सिनेमा लागला, तेव्हा मामा हरखले. वाटणीसाठी जमलेले भाऊ, बहिणी, जावा, नातवंडं आणि एक बिनलग्नाची आत्या. त्यात जेवणाचा एक प्रसंग आहे. सगळे एकदम बोलतात, कोणी कोणाचं ऐकत नाही, तरी प्रत्येकाचं दुखणं आपल्याला कळतं. "ह्याला म्हंत्यात डायवर!" मामा अंधारात ओरडले. मागून आवाज आला, "ओ मामा, बेल मारा, जाऊ द्या गाडी."

मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेला. शेवट पाहून माझं डोकंच फिरलं. भाऊ अंगणात उभे राहून एकेक भाषण ठोकतात आणि वाटणीचा प्रश्न मिठी मारून सुटतो! बहिणींच्या हिश्श्याबद्दल अवाक्षर नाही! चहाच्या गाडीवर मी हे तावातावाने मांडलं.

"व्हय रे पत्रकवाल्या, भाषनं लई झाली," मामा म्हणाले. "पन आत्या कुठं उतरली? गाडीत घेतली, सगळ्यांला वाढायला लावली, आन् इंटरव्हलनंतर न्हाईच. माझ्या गाडीतला मानूस असा हरवला असता तर मला मेमो मिळाला असता. ह्याला बक्षिसं!"

तेव्हापासून कुठल्याही सिनेमानंतर ते दारात उभे राहून ओळखी-अनोळखी माणसांना आत्याचं काय झालं ते विचारतात. "शिर्डीला गेली आसंल, मामा," एखादं कॉलेजचं पोरगं टोमणा मारतं. "मंग पिशवी घेतली व्हती का तिनं?" मामा विचारतात, आणि चहा संपेपर्यंत ते पोरगं थांबतं.

तो सिनेमा मी नंतर नगरला एकट्याने पुन्हा पाहिला. आत्या उतरते. इंटरव्हल संपल्यासंपल्या, पापड भाजायला लागतो तेवढ्या वेळात. ती पिशवी उचलते, बाहेर पडून फाटकाची कडी लावते, आणि घरातलं कोणी वळून बघत नाही. मामा तेव्हा बाहेर, शेवटचा माणूस आत जायची वाट बघत उभे असणार; मी आत खुर्चीत होतो, तरी मलाही ती दिसली नव्हती. ज्या बाईने सगळ्यांना वाढलं तिला एवढाच वेळ द्यावा, हा मला दिग्दर्शकाचा दोष वाटला. घरी येईपर्यंत वाटू लागलं, त्याचं मोठेपणही यातच असेल. ती गेली हे घराला कळलं नाही, तसं थेटरालाही कळलं नाही.

मामांना मी हे सांगितलेलं नाही. खरं असेल ते तोंडावर सांगावं, या मताचा मी. पण मामांनी लग्न केलं नाही, भावांची पोरं वाढवली. ती पोरं नाताळला येणार म्हणून दरवर्षी डबाभर करंज्या करतात आणि पुढे जानेवारीभर एकटेच खातात. हा एक प्रश्न सुटला, तर थेटराच्या दारात ते कोणाला थांबवणार?

आता मला नगरला नोकरी लागली आहे. तेव्हा श्रीरामपुरात सिनेमाला गेलात आणि खुर्चीवर रेक्झिनची पिशवी दिसली, तर ती उचलून मांडीवर घ्या आणि खुशाल बसा. सिनेमा सुटल्यावर मामा आत्याचं विचारतील. तुम्हाला उत्तर ठाऊक असलं तरी देऊ नका. म्हणा, "चला मामा, चहा घेता घेता बघू."