मास्तरांची जकात

सोनपेठला बदली होऊन आलो त्या दिवशी माझी पहिली चूक झाली ती पत्ता विचारण्याची. एका फाटकाशी मोटारसायकल थांबवली आणि ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना जरा ऐटीतच म्हणालो, "तहसील कुठंय हो? लवकर सांगा, इंजिन रनिंग आहे."

"वा!" ते केवढ्यांदा ओरडले. "पण इंजिनाचं रन आमच्याकडं आहे. दुसरं द्या!"

तहसील कचेरी त्यांच्या घरामागच्याच गल्लीत होती. तिथं पोचायला मला पाऊण तास लागला.

हे गंगाधर मास्तर. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, आणि आता एकाच इंग्रजी शब्दाच्या मागे लागलेले. फाटकावरून जाणाऱ्या प्रत्येकानं ‘रन’ या शब्दाचं एक नवं वाक्य द्यायचं, ही त्यांची जकात. दिलेलं वाक्य ते कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे टिपून घेत आणि मगच माणसाला सोडत.

"नळ उघडा राहिला की रन, नाक वाहिलं की रन, लुगड्याचा रंग गेला तरी रन," मास्तर सांगत. "पळणं, वाहणं, चालणं, चालवणं. त्यांचा एकटा शब्द जे करतो त्याला आपल्याला बारा माणसं कामाला लावावी लागतात. आणि इलेक्शन? आपला माणूस उभा राहतो, त्यांचा पळतो. निवडून आले की दोघंही बसतातच!"

हे सगळं इतक्या मोठ्यानं, की समोरच्या झाडावरची पाखरं उठावीत. मला वाटलं, वर्गात ओरडून ओरडून पडलेली सवय.

पहिले आठ दिवस मजा वाटली. पुढे माझी वाक्यं संपली आणि कचेरीत उशिराचे शेरे सुरू झाले. भाड्याच्या खोलीवरून निघालं की मास्तरांचं फाटक टळत नसे. दुसरी वाट होती, पण ती म्हशींच्या गोठ्यामागून. एका म्हाताऱ्याला भिऊन मी, दोन पोरांचा बाप, सकाळी इकडंतिकडं बघत शेणातून जाऊ लागलो. माझे बूट बघून बायको म्हणाली, "काय साहेब, आज म्हशीला जकात दिऊन आलाव का?"

शेवटी मी सुटकेचा उपाय काढला. कचेरीच्या कॉम्प्युटरवर त्या शब्दाचे होते नव्हते तेवढे अर्थ शोधले, कचेरीच्याच कागदावर छापले आणि सात पानं मास्तरांच्या हातात ठेवली. "घ्या सर. आता काही राहिलं नाही."

मास्तरांनी चष्मा लावला. एक पान वाचलं, दुसरं वाचलं. कधी नव्हे ते मास्तर गप्प झाले. आणि आतल्या खोलीतून भांडं पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ बाईमाणसाचं रडणं. शब्द नसलेलं, लहान लेकरासारखं.

"हाय गं! इथंच हाय मी!" मास्तर दाराकडं तोंड करून ओरडले. "पाहुणे आलेत! वाचायलो होतो!"

रडणं हळूहळू थांबलं.

मग कळलं. सहा वर्षांपूर्वी मास्तर बाजाराला गेले होते आणि मागे घरात त्यांच्या बायकोला, काकूंना, लकवा झाला. एक अंग गेलं, वाचा गेली. मास्तर परत येईपर्यंत त्या एकट्याच जमिनीवर पडून होत्या. तेव्हापासून मास्तरांचा आवाज बंद झाला की काकूंना धडकी भरायची. आवाज पोचेल तेवढंच मास्तरांचं जग उरलं होतं. ते फाटकाशी संपत होतं.

"रोज दिवसभर बोलायला नवं आणायचं कुठून?" मास्तर म्हणाले. "म्हणून हा शब्द धरला. सरत नव्हता हो." त्यांनी पानांची घडी घातली. "तुम्ही सरवलात."

घरी येऊन बायकोला सांगितलं. "समद्या गल्लीला ठावं हाय," ती म्हणाली. "तुमी कवा त्या घरात डोकावलाव? सदा आपलं घड्याळ बघायलाव."

मग तोडही तिनंच काढली. मास्तरांचं बोलणं तासभर मोबाइलमध्ये भरून घ्यायचं, बाजाराच्या दिवशी आम्ही दोघांनी काकूंपाशी बसायचं आणि मास्तरांनी बाहेर पडायचं. मास्तर आधी नाहीच म्हणाले. मग हळूच म्हणाले, "बाजारात उभं राहून एक गरम भजं खावं म्हणतो. लय दिवस झाले."

ठरल्या दिवशी मास्तर इस्त्रीचा सदरा घालून फाटकाबाहेर पडले. मी मोबाइल लावला. "नळ उघडा राहिला की रन..." काकू आढ्याकडं बघत शांत ऐकत होत्या. बायको त्यांचे केस विंचरत होती. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटू लागलं, तोच फाटक वाजलं. पाव तासही झाला नव्हता. मास्तर धापा टाकत होते आणि हातात भज्यांचा पुडा होता, न उघडलेला.

"सर, काकू मजेत आहेत! तुमचा आवाज चालू आहे की."

"तिला माझा होता हो," मास्तर खाली बसत म्हणाले. "मला तिचा कुठं होता?"

भजी आम्ही चौघांनी तिथंच खाल्ली. मास्तरांनी काकूंना बारीक घास करून भरवले. खाली पसरायला माझी सात पानं बरी कामी आली.

त्यानंतर मी गोठ्यामागची वाट सोडली. जकात रोज दिली, जुनी वाक्यंसुद्धा. मास्तर ती नव्यासारखी लिहून घेत.

या हिवाळ्यात काकू गेल्या. दिवसकार्य उरकून मास्तरांचा मुलगा पुण्याला परतला, त्या दिवशी संध्याकाळी मी फाटकाशी थांबलो. गाडी बंद केली. फाटक सताड उघडं होतं. मास्तर ओट्यावर बसले होते, नेहमीच्याच जागी.

"सर, जकात. आमच्या गल्लीतून एसटी रन होत नाही."

मास्तरांचे ओठ हलले. ऐकायला मला प्रथमच वाकावं लागलं.

"माफ," ते म्हणत होते. "सगळ्यांना माफ. जा तुम्ही."

उघड्या फाटकाकडं मास्तरांनी एकदाही पाहिलं नाही.

घरी आलो आणि बायकोला एवढंच सांगितलं. ती भाकरी थापत होती. मी खुर्चीत बसलो आणि मोबाइल उघडला. थापण्याचा आवाज मध्येच थांबला.

"आवो," आतून ती म्हणाली, "असं गप नका बसू. बोला कायतरी. इंग्रजीत असलं तरी चालंल."