खरवडलेला ठिपका

सत्तरच्या दशकात मी कर्जतच्या एका शेतकी कचेरीत आलेख काढायच्या कामावर होतो. शेतांवरच्या प्रयोगांचे आकडे यायचे, मी त्यांचे ठिपके आणि रेघा करायचो. ट्रेसिंग पेपर, काळी शाई, आणि चूक झालीच तर शाई खरवडायला दाढीच्या ब्लेडचं अर्धं पातं, एवढाच संसार. माझी रेघ छापखान्यात कितीही मोठी केली तरी कडेला फाटत नाही, असं साहेब पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे. पाहुणे भिंग मागायचे. भाताबद्दल सहसा कोणी विचारत नसे.

त्या वर्षी युरियाचा आलेख होता. आडवा युरिया, उभं भाताचं उत्पन्न, प्रत्येक शेतकऱ्याचा एक ठिपका. युरिया वाढेल तसे ठिपके शहाण्यासारखे वर चढत होते. फक्त कडावच्या एका शेतकऱ्याचा ठिपका उजवीकडे तळाला पडला होता. त्याचं शेत खोलगट, पाणी साचणारं; त्यातला एक तुकडा त्याने प्रयोगाला दिला होता. युरिया भरपूर मिळाल्यावर भात माजला आणि दाणा भरायच्या आत लोळला.

"हा खाली डाग कसला?" साहेबांनी विचारलं.

"डाग नाही साहेब, कडावचं शेत आहे."

"रेघ पार वाकडी होतेय त्याच्यामुळे. अहवाल पुण्याला जायचाय. स्वच्छ करा."

मी केलं. हे सांगताना आजही मान खाली जाते, कारण मला कोणी धमकावलं नव्हतं. ती वाकडी रेघ मलाही बघवत नव्हती. ठिपका हलक्या हाताने खरवडला, नखाने कागद गुळगुळीत केला आणि रेघ एका दमात वर नेली. पुण्याहून शाबासकी आली. आलेख फारच स्वच्छ आहे, असं लिहिलं होतं.

मग तोच आलेख मोठा करून शेतकऱ्यांच्या मेळाव्यात टांगला. कडावचा शेतकरी पुढे आला. वयाने माझ्या वडिलांएवढा.

"यातला माजा ठिपका कुठला रं दादा?"

मागून कोणीतरी ओरडलं, "तुजा भातासारखाच आडवा पडला आसंल, नीट बघ!"

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी. हसता हसता रेघेवरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा तुमचा."

त्याने वाकून बघितलं. "एवढा वर? आन् मला वाटलं, माजं गेलं सगळं. मंग औंदा सगळ्याच शेतात घालतो."

"कागदावर तरी तसंच दिसतंय," मी म्हणालो.

कापणीच्या दिवसांत सायकलवरून कडावला गेलो. काम काहीच नव्हतं, झोप लागत नव्हती. त्याचं सगळं शेत चटईसारखं निजलं होतं. तो आणि त्याची बायको चिखलातून लोंब्या उचलून कापत होती, त्यातल्या कित्येक पोचट. मला बघून तो उठला, हात धोतराला पुसले आणि ओशाळून म्हणाला, "तुमचा कागद बराबर हाय दादा. माजंच कायतरी चुकलं."

बायको म्हणाली, "मी सांगत व्हती, तुमाला मापच कळत नाय."

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. आणि म्हणालो, "पुढच्या वर्षी जरा बेताने घाला."

सल्ल्याबद्दल त्याने मला हात जोडले.