बोथ्याच्या घाटातला वानोळा

हिवाळ्यात मोटारीने घाट ओलांडायचा तर काय काय जपावं लागतं, हे त्या वर्षी आख्ख्या जानेफळात फक्त मला माहीत होतं. निदान मी तरी भेटेल त्याला तसंच सांगत होतो. मेहकरला दाढीसाठी नंबर लावून बसलो असताना एक जुनं इंग्रजी मासिक हाताला लागलं. त्यात एका घर-मोटारीचं चित्र होतं. बाहेर बर्फाचे डोंगर, आत खिडकीला फुलाफुलांचे पडदे, बाई स्टोव्हवर काहीतरी ढवळते आहे आणि नवरा तोंडात पाइप धरून नकाशा बघतो आहे. शेजारी हिवाळी प्रवासाचे नियम छापलेले. न्हाव्याची पाठ फिरताच मी ते पान खिशात घातलं. पाइप सोडला तर बाकी सगळं आपल्याला जमण्यासारखं होतं.

कारणही तसंच होतं. माझी माय आणि तिची थोरली बहीण यांची कित्येक वर्षांत भेट नव्हती. मावशी घाटाखाली पिंपळगाव राजाला, आम्ही घाटावर. मावशीच्या पायातलं बळ गेलेलं, ती खाटेवरून उठत नव्हती. आणि मायला मोटारीत बसवलं की चिखली यायच्या आत पोटात ढवळायला लागायचं. मागच्या खेपेला एसटीतून गेलो तर बोथ्याच्या घाटात तिला उतरवून झाडाखाली निजवावं लागलं, आणि तिथूनच समोरून येणाऱ्या बसने परत आणावं लागलं. बैलगाडीचे हादरे आता तिच्या हाडांना सोसत नव्हते. अशात दसऱ्याला मावशीचा निरोप आला, "या हिवाळ्यात आली तं आली. मंग कायले येतं?"

सोनं वाटून झाल्यावर माय माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काऊन बे, आडवं पडून जाता येईन असं काई वाहन नसते का?"

असतं ना! माझ्या खिशातच होतं.

माझ्याकडे एक ट्रक होता. मूळचा लष्कराचा, लिलावातून निघून दोन-तीन मालकांचा जीव खाऊन माझ्या नशिबी आलेला. मी त्यातून वांगी-मिरच्या बाजाराला न्यायचो. त्याला हॅन्डब्रेक होता, पण तो नुसता हात ठेवायला. पायाचा ब्रेक मात्र लागायचा, फक्त त्याला आधी थोडी विनंती करावी लागायची. मी हौद्यावर बांबूच्या कमानी ठोकल्या, वरून ताडपत्री ओढली, मायची खाट तळाला दोरखंडाने बांधली, बायकोच्या जुन्या लुगड्याचे पडदे लावले आणि कोपऱ्यात स्टोव्ह ठेवला.

मायने चढून एकदा सगळीकडे नजर फिरवली. "हे घर व्हय?"

"घरच आहे, माय."

"मंग सारवलं काऊन नाई?"

लोखंडी-लाकडी हौदा शेणाने सारवत नसतात, हे मी तिला पटवत होतो, तोवर तिने सुनेला हाक मारून पाटी आणवलीसुद्धा. पौषाच्या थंडीत ते सारवण वाळायला दोन दिवस गेले. मग मागच्या फाळक्याजवळ रांगोळीचं बोट फिरलं, स्टोव्ह उतरला आणि मातीची चूल चढली. बायको म्हणाली, "आता तुळस तेवढी राह्यली." मी घाईघाईने विषय बदलला, कारण माय आवारातल्या वृंदावनाकडे बघायला लागली होती.

मासिकातले नियम मी भिंतीला खिळा ठोकून लावले होते. गाडी हलकी ठेवा. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये तो उतरा. ऊन पडल्याशिवाय घाटात शिरू नका. आणि शेवटचा: वाटेतल्या ओळखीच्या लोकांना आपण कधी येणार ते आधी कळवा, म्हणजे वेळेवर पोचला नाहीत तर ते शोधायला निघतील. हा नियम मला फारच पसंत पडला. मी बसून एका बैठकीत मेहकर, चिखली, बुलढाणा आणि मधल्या दोन-तीन गावच्या सगळ्या सोयऱ्यांना कार्डं टाकली. अमुक दिवशी आम्ही तुमच्या गावावरून जाणार, सोबत माय आहे, पिंपळगावला मावशीकडे चाललो आहोत.

तो लेख लिहिणाऱ्या साहेबाच्या देशात असं कळवल्यावर लोक फार तर दुर्बीण घेऊन खिडकीत उभे राहत असतील. त्याला वानोळा ठाऊक नव्हता.

आमच्याकडे शेतात जे नवं निघतं, त्यातला वाटा सोयऱ्याच्या घरी जातो. तो वानोळा. तो द्यायला कोणी विसरत नाही, आणि घ्यायला नाही म्हणणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर दार लावणं. मायनेही प्रत्येक घरासाठी वांगी आणि मिरच्या बांधून घेतल्या होत्या. माझा हिशेब सरळ होता. थांब्या-थांब्यावर आपलं ओझं उतरेल आणि घाटात पोचेपर्यंत गाडी फुलासारखी होईल.

मेहकरला वांग्यांची टोपली उतरली आणि तुरीच्या शेंगांची दोन पोती चढली. "एक तुमाले, एक पिंपळगावच्या आत्याले," असं तिथल्या मामेभावाने बजावलं. कार्डात मावशीचं नाव लिहिण्याची अक्कल माझीच. पुढच्या गावात गुळाच्या ढेपी आल्या. चिखलीला माझ्या बहिणीच्या सासऱ्यांनी एवढी कोहळी रचून ठेवली होती, की मला वाटलं बाजार आज यांच्याच अंगणात भरला आहे. मी जरा चाचरत म्हणालो, "मामा, घाट उतरायचा आहे, गाडी हलकी..."

"हलकी काऊन? हलकी गाडी उडते!" म्हणून त्यांनी आणखी एक कोहळं आत लोटलं.

बुलढाण्याच्या चुलतभावाने तर कमाल केली. मावशीच्या घरचा पाटा फुटल्याचं त्याला कुठूनतरी कळलं होतं. त्याने नवा, टाकीचे घाव घातलेला पाटा आणि वरवंटा, दोघांनी मिळून उचलावा असा, फाळक्यापाशी आणून ठेवला. बायको सगळ्यांदेखत माझ्याकडे बघून म्हणाली, "अजून दोन कार्डं टाकली असती, तं विहीर बी भेटली असती."

माय मात्र खूश होती. तिची खाट दिसत नव्हती, ती शेंगांच्या पोत्यांवर लोडाला टेकल्यासारखी बसली होती आणि कोणी किती दिलं याच्यावर शेरे मारत होती. एवढ्या वाटेत तिला एकदाही मळमळलं नाही. सोयऱ्यांना नावं ठेवण्यात पोटाकडे लक्ष द्यायला सवड मिळाली नसावी.

ती रात्र बुलढाण्याला काढली. सकाळी गरम पाणी ओतून इंजिन जागं केलं, ऊन पडलं तसे निघालो आणि बोथ्याच्या घाटात शिरलो. सागाची पानं करपलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. नियमाप्रमाणे मी खालच्या गिअरमध्ये होतो. पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्या वळणाला ट्रकने मला विचारलंच नाही. मागचं सगळं ओझं पुढे रेटायला लागलं, गुळाच्या ढेपी माझ्या पाठीमागच्या फळीवर आपटल्या, ब्रेक दाबला तर पायाखालून जळका वास आला. मी सगळ्या देवांना आणि शेवटी त्या मासिकवाल्यालाही हाका मारल्या. डोंगराच्या बाजूला चाक घासत घासत ट्रक कसाबसा थांबला. मी ब्रेकवर उभाच होतो, आणि तरी गाडी बोटभर, बोटभर सरकत होती.

"दगड लाव! चाकाले दगड लाव!" मी ओरडलो.

बायको उतरली. आजूबाजूला हाताएवढे गोटे. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, मागे गेली, तो पाटा ओढत खाली पाडला आणि ढकलत ढकलत पुढच्या चाकापुढे नेऊन आडवा टाकला. ट्रक त्यावर टेकला आणि थांबला. ती पदराने हात पुसत म्हणाली, "भावजींले सांगजा, कामी आला म्हनून."

मी ब्रेकवरून हळूच पाय काढला आणि खाली उतरलो. म्हणालो, "माय, एवढं वजन घेऊन खाली उतरता येत नाही. एक तर हे सगळं इथं रस्त्याच्या कडेला टाकू, नाही तर तुम्ही दोघी बसने बुलढाण्याला परत जा."

माय पोत्यावरून बोलली, "परत जाऊ? आन ते तिकडं वाट पाहून राह्यली तिचं काय?"

"मग टाकू."

"वानोळा टाकते का कोनी? लोकायनं हातानं देल्ला. तो रस्त्यावर टाकतेत?" मग थोडं थांबून म्हणाली, "हातानं देल्ला तं हातानंच जाईन. मले उतरव खाली."

आम्ही तिला उतरवलं, उन्हात पोतं अंथरून बसवलं आणि तिच्या सांगण्यावरून कोहळी, ढेपी आणि शेंगांची पोती तिच्याभोवती रचली. थोड्या वेळात खामगावकडून एसटी धापा टाकत वर आली. मायने बसल्या जागेवरून हात केला. ड्रायव्हरने बस थांबवली, लोक खिडक्यांतून डोकी काढायला लागले.

"कोहळं केवढ्याले देल्लं, बुढे?"

"इकून नाई राह्यली. घेऊन जाय."

"अवं पन भाव काय?"

"भाव तुह्या बापाले पूस! वानोळा आहे बे, घरी नेजो आन पोरायले खाऊ घालजो."

फुकट मिळणाऱ्या वस्तूत काहीतरी खोट असणार, असं ज्याच्या त्याच्या तोंडावर लिहिलं होतं. एकाने तर उतरून कोहळं हलवून कानाशी धरलं. मग कंडक्टर उतरला, त्याने मायच्या पाया पडून एक ढेप उचलली, आणि मागोमाग आख्खी बस खाली आली. माय प्रत्येकाला गाव विचारी, घरात माणसं किती ते विचारी आणि मापाने देई. मी मधेच एकाला दोन कोहळी द्यायला गेलो तर माझ्या हातावर चापट बसली. "त्याच्या घरी दोघंच आहेत. कुजवन तो."

मागून गाडीवान आले. त्यांनी शेंगा घेतल्या आणि रिकाम्या हाती जायचं कसं म्हणून मायच्या ओटीत बोरं आणि हरभऱ्याचे सोलाणे ओतले. एकाने उसाची मोळी ठेवली. मी कपाळावर हात मारला. "बाप्पा, हे असं चाललं तर आपण इथंच दुकान टाकू." पण तरी ट्रकच्या दबलेल्या स्प्रिंगा वर उचलल्या, खाट दिसायला लागली. मावशीचा वाटा म्हणून तिने थोडा गूळ, थोड्या शेंगा तेवढ्या राखल्या.

मग ट्रक जरा मागे घेऊन पाटा पुन्हा वर चढवला आणि मी उरलेला घाट पहिल्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगाने उतरलो. माय खाटेवर आडवी पडली होती. वाटेत तिने एकदा विचारलं, "आला का रे घाट?" तेव्हा आम्ही खामगाव ओलांडून गेलो होतो.

पिंपळगावात मावशीच्या गल्लीत ट्रक शिरेना. मायला आता चक्कर येत होती, तिला चालवत नेणं शक्य नव्हतं. मावशी खाटेवर. दोघींच्या मध्ये एक बोळ. आम्ही एवढे डोंगर ओलांडून त्या बोळापाशी अडलो. मी पुन्हा काहीतरी योजना मांडायला लागलो, पण मावशीच्या मुलांनी ऐकून घेतलं नाही. त्यांनी आईला खाटेसकट उचललं, बोळातून बाहेर आणलं आणि तशीच हौद्यात चढवली. खाटेला खाट लागली.

मावशी मायच्या तोंडावरून हात फिरवत होती. मग तिने खाली बघितलं. "सारवलं कोनं वं?"

"सुनेनं."

"बरं सारवलं." मग माझ्याकडे वळून, "तू काऊन उभा आहे इथं?"

"मावशी, तुम्हाला घरात नेऊ का? इथं वारं लागेल."

"घरात काय आहे? तेच छप्पर किती वर्सं पाहून राह्यली मी. इथून रस्ता तं दिसते." तिने लुगड्याचा पडदा बाजूला करून रस्त्यावरची माणसं, बैल, एक सायकल, सगळं डोळे भरून पाहिलं. "चुलीवर चहा ठेवजो, सूनबाई. आन याले घरात पाठव. माह्या जागेवर जाऊन पड म्हना."

मायने पडद्याआडून मान हलवली. मी फाळका लावून दिला आणि मावशीच्या घरात जाऊन झोपलो.