सोळा भोकांचा डबा

आमच्या तालुक्याच्या ऑफिसात नेटवर्कचा स्विच आला, तेव्हा तो कोणाच्या गळ्यात मारायचा यावर साहेबांनी फार विचार केला नाही. कॉम्प्युटरचा कोर्स केलेली मी एकटीच. "म्याडम, आजपासून हे तुमचं लेकरू," म्हणाले आणि चहाला गेले. लेकरू कसलं डोंबलाचं! पत्र्याचा चपटा डबा, पुढं सोळा भोकं, प्रत्येक भोकावर बारीक हिरवी लाइट. वायर घातली की लाइट लागायची, माहिती ये-जा करू लागली की लुकलुकायची. एवढं मला कळलं. सोबतच्या इंग्रजी पुस्तकातलं बाकी काही कळलं नाही, आणि विचारावं तर नांदेडला एक इंजिनिअर, त्याचा फोन लागला तर लागला.

दाखले तेव्हा नुकतेच कॉम्प्युटरवर निघू लागले होते. आम्ही अर्ज भरायचा, तो हिंगोलीला जायचा, तिकडून नंबर आला की मगच दाखला छापायचा. हातानं लिहिलेला दाखला आता कोणी घेईना. म्हणजे सगळ्यांचं नशीब त्या डब्यातून ये-जा करणार.

खंडेनवमीच्या सकाळी पुसेगावकडचा एक मेंढपाळ लेकीला घेऊन आला. पोरीचा नर्सिंगच्या कोर्सला नंबर लागल्याचं आदल्याच दिवशी कळलं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जातीचा दाखला कॉलेजात पोचला नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती. मी मशीन चालू करायला वाकले, तेवढ्यात साहेब ओरडले, "अहो, आज खंडेनवमी! आज हत्याराची पूजा करायची, त्याच्याकडून काम घ्यायचं नाही. बंद ठेवा सगळं."

"साहेब, एकच दाखला आहे."

"परवा सकाळी पहिला यांचाच काढा."

आता साहेबांपुढं काय बोलणार, कप्पाळ?

बाप काही रागावला नाही. उलट पूजेला मदत करू लागला. झेंडूच्या माळा बांधाव्या तर त्यानंच, गाठ अशी पक्की की ओढून सुटू नये. डब्यालाही हळदकुंकू लागलं, माळ चढली. मागच्या लोंबणाऱ्या वायरीसुद्धा त्यानं नीट गोळा करून बांधून टाकल्या. पोरगी दारातून बघत होती. जाताना मला म्हणाली, "परवा व्हईल ना बराबर?" मी म्हटलं, "होईल गं, काळजी करू नको."

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं हजर, मी डबा चालू केला आणि थोड्याच वेळात सगळ्या हिरव्या लाइटी एकदम लपलपायला लागल्या, नुसत्या पिसाटल्यासारख्या. शिपाई हात जोडून म्हणाला, "पूजा पावली, म्याडम! कसं जोरात काम करून राहिलं!" मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पण अर्जाचं पान उघडेना. डबा बंद करून चालू केला की पान अर्धं यायचं, मी घाईघाईनं पोरीचं नाव टाकायची, की सगळं जागच्या जागी थिजायचं. नांदेडला फोन लावला. "लाइटी लागतात का? मग स्विच चांगलाय, लाइन बघा." हिंगोलीला लावला. "लाइन चांगली आहे, स्विच बघा." मेल्यांनो, मी बघू तरी कुठं! पुस्तक उघडलं, पानं उलटली, शेवटी डब्यावर एक चापट मारली. समोर पोरगी म्हणत होती, "लाइट तर पेटून राहिली ना, म्याडम?" दुपार गेली, शेवटची गाडी गेली. मी संडासात जाऊन रडले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी नांदेडचा इंजिनिअर आला. त्यानं माळ तोडली, वायरी सोडवल्या आणि एक निळी वायर बोटानं धरून नेत गेला. तिचं एक टोक एका भोकात आणि दुसरं टोक त्याच डब्याच्या दुसऱ्या भोकात! नव्या कॉम्प्युटरसाठी एक टोक आधीच डब्यात घालून ठेवलेली वायर होती ती. त्यानं एक टोक उपसलं, लाइटी शांत झाल्या, पान उघडलं. एवढंच होतं बघा.

"दोन्ही टोकं एकाच डब्यात घातली की निरोप गोल गोल फिरत बसतो," तो म्हणाला. "दुसऱ्या कशाला वाटच मिळत नाही. भारीतला स्विच असला तर ते भोक आपलं आपण बंद करतो. हा स्वस्तातला. कोणी घातली?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. "मी काहून घालू?" मी फिसकारले.

"म्या घातली," खिडकीतून आवाज आला. पोरीचा बाप. कॉलेजवाले ऐकतील या आशेनं दोघं परत आले होते. "माळ बांधताना लोंबत व्हती. आमी मोकळं टोक ठेवत न्हाई, मेंढराच्या पायात गुतते. भोक रिकामं दिसलं, बसवून टाकली."

मला भयंकर राग आला होता, पण तो कोणावर काढावा तेच कळेना. मी दाखला छापला. कॉलेजला फोन केला. जागा सकाळीच दुसरीला दिली होती, आता काही होणार नव्हतं. ऐकून तो खिडकीच्या गजाला धरून उभा राहिला. बाहेर लांबच्या बाकावर बसलेल्या लेकीकडं बघून हळूच म्हणाला, "म्याडम, वायर म्या घातली ते तिला सांगू नका."

मी पोरीला आत बोलावलं. जागा गेल्याचं मलाच सांगावं लागलं. ती रडली नाही. दाखला दोन्ही हातांनी घेऊन वाचत राहिली. मग विचारलं, "काय बिघडलं व्हतं?"

"मशीनच भिकार आहे," मी म्हटलं.

"बघा, बाबा," बापाचा हात धरून ती म्हणाली, "आन् तुमी कालपासून स्वतःलाच बोल लावून राहिले, उशिरा आलो म्हणून. आपलं काहीच चुकलं न्हाई."