सहा निळे रेझिस्टर आणि बयचा धवला

तुमच्या ओळखीत सगळ्यात हळू बोलणारं जे माणूस आहे, ते तुमच्याशी शेवटचं काय बोललं, आठवतंय?

मलाही आठवलं नसतं. मी मोठ्या आवाजाच्या घरात वाढले. वडील युनियनचं काम करायचे. पाठकोऱ्या पत्रकांवर मी बाराखडी गिरवली आणि पुढे स्वतःच पत्रकं लिहू लागले. ज्याच्यावर अन्याय होतो त्यानं ओरडावं, एवढं साधं माझं तत्त्वज्ञान होतं. ज्याला ओरडताच येत नाही त्याचं काय, हा प्रश्न एका म्हातारीनं माझ्यापुढे ठेवला.

आमच्या घरापासून जवळच, डोंबिवलीच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात ती राहायची. सगळा गाव तिला बय म्हणायचा. ती धवलारीण होती. कोळ्यांकडे लग्नात विधी सांगत सांगत धवल्याची गाणी म्हणायचा मान बाईचा असतो, आणि ती गाणी कुठे लिहिलेली नसतात. बयच्या घशाला गाठ आली होती. सोमवारी ऑपरेशन होतं आणि नंतर आवाज राहील की नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. तिची सून धवला शिकत होती, पण अर्धाच शिकून झाला होता.

"तू ते आयटीआयला रेडिओचं शिकतेस ना?" सुनेनं मला विचारलं. "मग भर की गो कॅसेटीत."

मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. पण बयचा आवाज तोवर कुजबुजीएवढा उरला होता आणि टेपरेकॉर्डरच्या माइकला तो पुरेना. म्हणून मी कल्याणहून प्रीअँप्लिफायरचं किट आणलं. माइकचा बारीक आवाज रेकॉर्डरपर्यंत मोठा करून पोचवणारं ते सर्किट. तीन टप्पे, प्रत्येक टप्प्यात आवाज वाढवणारा एक ट्रान्झिस्टर आणि त्याच्याभोवती चार रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारे, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठे भाग. तिन्ही टप्पे एकसारखे.

गुरुवारी दुपारी बय गायली. कॅसेट लावली तर जणू कुणी कढईत मोहरी टाकली होती. त्या तडतडीमागे कुठेतरी बय.

"काय गो पोरी," बय हसली, "माज्या घशात खरखर हाय ती पुरं नाय, तू डब्यात पन भरलीस?"

मी घरी येऊन किटवाल्याविरुद्ध पत्रक लिहायला घेतलं. मथळाही झाला होता. तेवढ्यात शेजारच्या ताई आल्या. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्या रोज सर्किटं जोडायच्या. त्यांनी माइक काढला, त्याच्या जागी तारेचा तुकडा लावून इनपुट शॉर्ट केला, म्हणजे बाहेरचा कुठलाच आवाज आत जाणार नाही, आणि हेडफोन माझ्या कानाला लावला. खरखर तशीच.

"म्हणजे दोष माइकचा नाही, बयचा तर नाहीच," ताई म्हणाल्या. "सर्किट स्वतःच बडबडतंय. हे तपकिरी रेझिस्टर बघ. आत कोळशाची पूड दाबलेली असते. कणाकणांतून वीज धक्के खात जाते, त्या धक्काबुक्कीचा हा आवाज. तुला मेटल फिल्मचे हवेत, निळे. त्यांच्यात धातूचा सलग थर असतो. पत्रक नंतर लिही."

शुक्रवारी त्यांनी सहा निळे रेझिस्टर आणले. पाय वाकल्यामुळे बाद झालेले. तरी सुपरवायझरची चिठ्ठी आणि गेटपास घेऊनच आणले होते. मी विचारायच्या आत त्यांनी दोन्ही कागद माझ्यापुढे ठेवले. माझा स्वभाव त्यांना माहीत होता. एका टप्प्याला लागणारी चारही मापं त्या रेझिस्टरांत होती, वर दोन जास्तीचे.

टप्पे तीन, रेझिस्टर सहा. मी क्षणाचाही विचार न करता प्रत्येक टप्प्याला दोन-दोन दिले.

खरखर जेमतेम कमी झाली. ताईंनी बोर्ड उलटापालटा करून पाहिला आणि डोक्याला हात लावला.

"अगं, रेशन वाटलंस की काय? प्रत्येकी दोन! कॉम्रेड, अभिनंदन."

"मग एकालाच सगळं द्यायचं?"

"पहिल्याला. बयचा आवाज सगळ्यात बारीक कुठे असतो? पहिल्या टप्प्यात. तिथे जी खरखर मिसळते ती मागचे दोघे आवाजासकट मोठी करतात. तिसऱ्यापाशी आवाज आधीच दांडगा झालेला असतो, तिथे थोडं कोळसेवालं चालतं."

मला राग आला. सर्किटचा नव्हे, माझाच. इतकी वर्षं मी समान वाटप समान वाटप म्हणून घसा कोरडा केला होता, आणि सगळ्यात अशक्त आवाज कुठून आत येतो ते एकदाही पाहिलं नव्हतं. मी सोल्डरिंग आयर्न तापवलं. चार निळे पहिल्या टप्प्यात बसवले, उरलेले दोन दुसऱ्यात. तपकिरी तिसऱ्याकडे गेले. कुणी तक्रार केली नाही.

शनिवारी दुपारी होड्या खाडीत गेल्यावर गाव शांत झाला. बय भिंतीला टेकून बसली आणि गायली, मध्ये पाणी पीत, मध्ये सुनेला "ध्यान दे गो" म्हणत. कॅसेट उलटी करून पुन्हा गायली. कॅसेट लावून ऐकताना तिचा श्वाससुद्धा कळत होता. मागे खूप लांबवर बारीक सळसळ होती, पण शब्द तिच्या पुढे उभे होते.

बय बराच वेळ ऐकत राहिली. "मीच हाय ना यी?" तिनं विचारलं.

ऑपरेशननंतर बय वाचली, पण आवाज कुजबुजीच्याही खाली गेला. पुढच्या उन्हाळ्यात नातीच्या लग्नात सून धवला म्हणायला उभी राहिली. बय शेजारी बसून ओठ हलवत होती आणि सून एका ठिकाणी चुकली तेव्हा तिनं तिच्या दंडाला चिमटा काढला. सुनेनं ओळ सुधारली. मांडवात हशा पिकला.

मूळ कॅसेट मी सुनेकडेच ठेवली. ती त्यांची आहे. माझ्याकडे फक्त प्रत आहे, तीही विचारून घेतलेली.

आता तुमच्याकडे एक मागणं. येत्या रविवारी त्या हळू बोलणाऱ्या माणसाकडे टेपरेकॉर्डर घेऊन जा. तुमच्याकडे जे सगळ्यात चांगलं असेल ते त्याच्या आवाजाला अगदी पहिल्या पायरीवर द्या, त्याचं पूर्ण ऐका, आणि उठताना कॅसेट त्याच्याच घरी ठेवून या.