आठ नंबरची कॉट

"सिस्टर, हिला किधर डालू?"

सकाळचे अकरा वाजले होते. स्ट्रेचर आमच्या फीमेल वॉर्डच्या दारात अडून उभं होतं. आणणारा माणूस वैतागला होता, कारण मेल वॉर्डच्या इनचार्जने त्याला आधीच परत पाठवलं होतं. मी ॲडमिशन पेपर हातात घेतला. सेक्सच्या चौकटीत डॉक्टरांनी आधी 'एम' लिहून खोडलं होतं, मग 'एफ' लिहून तेही खोडलं होतं. नाव आधार कार्डावरचं, ललित. स्ट्रेचरवर हिरव्या साडीतली, तिशीतली एक किन्नर तापाने कुडकुडत होती. उजवा पाय गुडघ्यापर्यंत लालभडक सुजलेला.

बुऱ्हाणपूरच्या ज्या हॉस्पिटलात मी नोकरी केली त्याचं नाव लिहीत नाही. चूक हॉस्पिटलपेक्षा माझी जास्त होती.

तिला सेल्युलायटिस होता. म्हणजे कातडीखाली पसरत जाणारा जंतुसंसर्ग. पायात खिळा घुसला होता आणि तिने आठवडाभर अंगावर काढलं होतं. त्यात शुगर वाढलेली निघाली. शुगरच्या पेशंटचा पाय असा सुजला की वेळ फार महत्त्वाची असते. दिवसातून तीनदा शिरेतून अँटिबायोटिक, निदान चार-पाच दिवस. हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं.

वॉर्डातल्या बायका उठून बसल्या होत्या. एका पेशंटची सासू म्हणाली, "इथं लेकीबाळी आहेत सिस्टर, हे नाही चालायचं." मी वाद घातला नाही. मागच्या व्हरांड्यात एक जुनी कॉट होती. तिथे पार्टिशनचा पडदा लावला, सलाईन सुरू केलं. जानेवारी होता. व्हरांडा तापीच्या बाजूने उघडा. एक ब्लँकेट जास्त दिलं आणि आपण बरंच काही केलं असं मला वाटलं.

दुपारच्या राउंडला सात नंबरवरच्या साळवेबाईंनी विचारलं, "सिस्टर, त्यांना बाहेर का ठेवलंय?"

साळवेबाई रिटायर्ड प्राथमिक शिक्षिका. सत्तरीच्या पुढच्या. मूळच्या नगरकडच्या मराठी ख्रिस्ती, लग्न होऊन इकडे आल्या आणि नवरा गेल्यावर जैनाबादला एकट्याच राहायच्या. शुगर वरखाली होते म्हणून ॲडमिट होत्या.

"वॉर्डात जागा नाही, बाई."

"आठ नंबर रिकामा आहे ना."

"बाकीच्या लेडीज तयार नाहीत," मी म्हणाले.

"मीही लेडीजच आहे. आठ नंबर माझ्या शेजारी आहे. मी तयार आहे."

"बाई, तुम्हाला कळत नाही. मला सगळा वॉर्ड सांभाळायचा असतो."

अर्ध्या तासाने आमची आया पळत आली. साळवेबाई उशी काखेत मारून व्हरांड्यात गेल्या होत्या आणि त्या कॉटच्या पायथ्याशी स्टुलावर बसल्या होत्या. मी रागावून गेले. पडद्याच्या अलीकडे होते तेव्हा बाईंचा आवाज ऐकू आला.

"तुला काय नावाने हाक मारू? कागदावरचं सांगू नको. तुला आवडतं ते सांग."

"ललिता."

"कुठली तू ललिता?"

"डोईफोडियाची. घरी कपाशी, केळी, समदं आहे. पन मला तिकडं येऊ देत नाहीत."

किन्नरांच्या डेऱ्यातूनही ती भांडून बाहेर पडली होती. म्हणजे तिच्याकडे बघायला कोणीच नव्हतं. बाईंनी स्वतःचा डबा उघडला, अर्धी भाकरी तिच्या हातात ठेवली आणि दुसरी अर्धी स्वतः खाऊ लागल्या. सकाळपासून मी तिचा ताप तीनदा बघितला होता, बीपी दोनदा. नाव एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुपरिंटेंडेंट सरांनी बोलावलं. काही नातेवाईक त्यांच्याकडे तक्रार घेऊन गेले होते.

"सिस्टर, वॉर्डात तमाशा नको. त्या पेशंटचं लामा करून घ्या."

लामा म्हणजे डॉक्टरांचा सल्ला न मानता पेशंट स्वतःच्या मर्जीने हॉस्पिटल सोडतो तेव्हा भरायचा फॉर्म. पुढे काही झालं तर जबाबदारी पेशंटची.

"सर, ताप उतरलेला नाही. पाय अजून गरम आहे."

"मग कुठे ठेवता? आहे जागा?"

आमच्या वॉर्डाला लागून एक साइड रूम होती. तिच्यात जुन्या गाद्या आणि मोडक्या खुर्च्या भरल्या होत्या. चावी माझ्या कमरेला होती. दोन माणसं लावली असती तर तासाभरात खोली रिकामी झाली असती. सरांना ती खोली आठवली नसेल. मला आठवली होती. पण सामान हलवायचं, स्टोअरला लिहून द्यायचं, बायकांची बोलणी खायची. मी म्हणाले, "नाही सर."

फॉर्म घेऊन व्हरांड्यात गेले. ललिताने माझ्याकडे बघितलं. "सिस्टर, इथंच राहू द्या ना. मी कोनाला काही बोलनार नाही. पडद्याच्या बाहेरही येनार नाही."

"इथे गारठा आहे. तुम्हालाच त्रास होईल," मी म्हणाले.

तिने पेन घेतलं. सातवीपर्यंत शिकलेली होती, अक्षर वळणदार. 'मी माझ्या' इथपर्यंत लिहून थांबली.

"मर्जी कोनाची लिहू?"

"तुमची," मी म्हणाले. तिने लिहिलं.

साळवेबाई शेजारीच होत्या. "सिस्टर, मलाही एक फॉर्म आणा."

"बाई, तुमची शुगर अजून…"

"आणा हो."

कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'घरी पाहुणी आली आहे.' मग डॉक्टरांकडून ललिताची औषधं कागदावर लिहून घेतली, मला तिच्या हातातली सुई काढू दिली नाही आणि रिक्षा बोलावली. निघताना म्हणाल्या, "घरी येऊन इंजेक्शन द्याल का? सकाळचं नि दुपारचं आमच्याकडचा कंपाउंडर देईल. संध्याकाळचं तुम्ही द्या, म्हणजे एकदा तरी पाय तुमच्या नजरेखालून जाईल."

मी हो म्हणाले. मनापासून म्हणाले.

दोन दिवस ड्यूटी संपल्यावर पूल ओलांडून जैनाबादला गेले. दोन खोल्यांचं घर. ललिता बाईंच्या पलंगावर, बाईंचं अंथरूण खाली. त्यांच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका आळीपाळीने यायच्या. खकनारकडची एक कोरकू आदिवासी बाई ललिताची वेणी घालत होती आणि दोघी कशावरून तरी हसत होत्या. मी इंजेक्शन दिलं, पाय बघितला. सूज उतरत होती.

परत निघताना मी विचारलं, "बाई, तुम्हाला लोक काही बोलत नाहीत?"

"बोलतात की. आमच्या मंडळीतलेही दोघं बोलले." त्यांनी माझ्या हातावर गूळ ठेवला. "माझ्या आजोबांना गावात कोणी उंबऱ्याच्या आत घेत नव्हतं. पहिल्यांदा त्यांना शेजारी बसवून जेवू घातलं ते एका पाद्रीसाहेबाने. आजोबा म्हातारपणीही ते सांगताना रडायचे. येशू कोणाकोणाच्या घरी जेवला ते आम्ही दर रविवारी वाचतो. नुसतं वाचून कसं चालेल?"

तिसऱ्या दिवशी सुपरिंटेंडेंट सरांनी कॉरिडॉरमध्ये थांबवलं. "सिस्टर, लामा पेशंटला तुम्ही बाहेर जाऊन ट्रीट करताय म्हणे. उद्या काही झालं तर नोकरीवर येईल." घरी मिस्टरांच्याही कानावर गेलं होतं. ते एवढंच म्हणाले, "तुला काय पडलंय?" मी बाईंना फोन केला. ड्यूटी बदलली आहे, येता येणार नाही, असं सांगितलं. ड्यूटी बदलली नव्हती.

"बरं," बाई म्हणाल्या. "कंपाउंडरलाच सांगते तिन्ही वेळेचं."

कंपाउंडर एक दिवस आला, दुसऱ्या दिवशी नाही. हातातली सुई सरकली ते कोणाच्या लक्षात आलं नाही, औषध शिरेत जाण्याऐवजी बाहेर जिरलं. पायाची बोटं काळी पडायला लागली ते मात्र मी एका नजरेत ओळखलं असतं. पाच दिवसांनी मंडळीतल्या लोकांनी गाडी करून ललिताला इंदूरला नेलं. पाय वाचला. दोन बोटं काढावी लागली.

हे मला आमच्या आयाकडून कळलं. मी भेटायला गेले नाही. काय तोंडाने जायचं, असं वाटायचं. मग महिने गेले, मी रिटायर झाले. ललिता बाईंकडेच राहिली. शिवणकाम शिकली, बाईंची शुगर सांभाळू लागली.

गेल्या वर्षी साळवेबाई वारल्याचं कळलं तेव्हा मात्र गेले. कबरस्तानात पन्नासेक माणसं होती. मुलाबाळांनी पहिली मूठमाती द्यायची, आणि बाईंना मूल नव्हतं. चर्चच्या पाळकांनी मागे वळून हाक मारली, "ललिता, ये बेटा." ती थोडी लंगडत पुढे आली. कोणी कुजबुजलं नाही. लोकांनी सरकून तिला वाट दिली.

सगळं आटोपल्यावर मी तिच्याजवळ गेले. तिने ओळखलं. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "ललिता, माझं चुकलं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "सिस्टर, तुमचा फोन आला तरी बाईनं त्या दिवशी चहात तुमच्या वाटचं दूध टाकलं होतं. म्हनाली, त्यांचं मन बदललं तर येतील. अंधार पडेपर्यंत दार लावू दिलं नाही मला."

तिनेच माझा हात धरून मला गेटपर्यंत सोडलं.

आता नर्सिंगच्या मुली कधी अनुभव विचारायला येतात. मी त्यांना सेल्युलायटिस समजावून सांगते, पाय कसा बघायचा ते सांगते. आणि एक सांगते. पस्तीस वर्षांच्या नोकरीत 'जागा नाही' असं मी बऱ्याच पेशंटना सांगितलं. त्यातल्या निम्म्या वेळा तरी जागा होती.